दोन बोटांची जागा

आमच्या संघटनेच्या सचिवांचा मेल आला. कृष्णाबाईंवर अर्धं पान लिहून द्या, म्हणाले. अर्धंच. वर फोटो येणार, खाली मजकूर, आणि ‘थोडं प्रेरणादायी असू द्या’. मेंदूच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांची ही संघटना, आणि मी तिच्या शिक्षण समितीवर आहे. बाईंच्या नावाने आता उत्तम शिक्षकाचा पुरस्कार सुरू व्हायचाय. मेलच्या तळाशी पात्रतेची अट होती: उमेदवार संघटनेचा सभासद असावा, म्हणजे डॉक्टर असावा. ती ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं. बाई हयात असताना ज्या एका ओळीपायी त्यांनी आमचं प्रमाणपत्रांचं खोकं आम्हाला परत पाठवलं, तीच ओळ आता त्यांच्या नावाखाली छापणार. लाज कशी वाटत नाही, असं विचारणार होते. पण विचारायला मला तोंड नाही. का नाही, ते पुढे येईलच. अर्धं पान काही मी लिहीत नाही. हे घ्या.

बाई म्हणजे डॉक्टर कृष्णाबाई राव. घराणं कुंभकोणमचं, मराठी. कितीतरी पिढ्यांमागे तंजावरात आलेल्या लोकांपैकी. मी मिरजेची, शिकायला चेन्नईला गेलेले. पहिल्याच आठवड्यात थिएटरमध्ये सक्शनचं मशीन बंद पडलं आणि माझ्या तोंडून मिरजेला शोभेल अशी एक शिवी गेली. तमिळ मुलखात कोणाला समजणार, असा माझा हिशेब. टेबलाच्या डोक्याकडून मास्कआडून आवाज आला, “कोण ग ती? आमच्या भाषेंत ओरडते?” बाई वळल्याही नाहीत. “शिवी बरी आहे. मज ठाऊक नव्हती. नंतर सांग.” मी खरंच नंतर सांगितली, आणि त्यांनी ती शांतपणे पाठ केली.

त्यांच्या मराठीला मी सुरुवातीला हसायचे. आपण ‘विचार’ म्हणतो, त्या ‘पूस’ म्हणत. ‘मला’च्या जागी ‘मज’, रविवारच्या जागी ‘आदितवार’, आणि मध्येच तमिळ ‘सेरी’, म्हणजे बरं, ठीक. ख आणि घ जिभेवर मऊ पडलेले. मी एकदा म्हटलं, बाई, तुमची मराठी कीर्तनातली वाटते. त्या म्हणाल्या, “तुमची नवी आहे. धुऊन धुऊन विटलेली. आमची पेटींत ठेवलेली.”

ठेंगणी बाई, सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. थिएटरमध्ये सगळ्यांच्या आधी येत आणि रिकाम्या टेबलावर स्वतः आडव्या होत. पहिल्या दिवशी मी बघितलं तेव्हा वाटलं, यांना चक्कर आली. “काय दिसतं ते बघते,” त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. “माणूस शेवटचं हे बघून झोपतो. वर दिव्याला रक्ताचा डाग आहे, पुसायला सांग.” खरंच होता. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी त्या टेबलावर निजवलं. मोठमोठे पाहुणे प्राध्यापकही सुटले नाहीत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “झोपवणं कोणासही येतं. उठवून दाखव.” मेंदूचं ऑपरेशन झालं की माणूस टेबलावरच जागा व्हावा, बोलावा, म्हणजे आत काही बिघडलं नाही हे कळतं. म्हणून बाई आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन प्रत्येकाशी काहीतरी घरचं बोलून ठेवत आणि उठल्यावर तेच पुसत. आम्हाला हे रिकामपणाचं वाटायचं. मग आडुतुरैची एक म्हातारी आली. बाई त्या सकाळी दुसऱ्या थिएटरमध्ये अडकलेल्या, म्हणून उठवायचं काम माझ्याकडे. म्हातारी उठली, हात हलवला, पाय हलवला. मी कागदावर लिहून घेतलेले तमिळ प्रश्न वाचून विचारले. नवऱ्याचं नाव काय? म्हातारी गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. मी घाबरले, वाचा गेली असं लिहिलं, स्कॅनला न्यायची धावपळ सुरू केली. स्ट्रेचर दारात असताना बाई आल्या. म्हातारीच्या कानाशी वाकून तमिळमध्ये म्हणाल्या, काल सांगितलंत त्या कोळंबूत, म्हणजे आमटीत, काय घातलं होतंत? म्हातारी खणखणीत बोलली: केळफूल, आणि सून मीठ जास्त घालते.

बाई माझ्याकडे वळल्या. “ती मुकी नाही. ती शिस्तीची आहे. नवऱ्याचं नाव घेईल काय ती, परपुरुषांपुढं?” मग म्हणाल्या, “तुमच्या मिरजेंत घेतात?” माझी आजी मरेपर्यंत आजोबांना ‘अहो’पलीकडे काही म्हणाली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तमिळ येत नव्हतं ही सबब होती, पण ही गोष्ट कळायला तमिळ लागत नव्हतं. ते प्रश्न संघटनेच्या पुस्तिकेतले होते. अजून आहेत. मी समितीवर आल्यावर बदलते म्हणाले होते, ते राहूनच गेलं.

निवृत्त झाल्यावर बाई चेन्नईत राहिल्या असत्या तर त्यांना खुर्च्या पुष्कळ होत्या. त्या कुंभकोणमला घरी गेल्या आणि तिथल्या नर्सिंग होममधून फिरू लागल्या, बोलावलं तिथे आणि नाही बोलावलं तिथेही. त्यातूनच सेल्वमची गोष्ट झाली, आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

बांधावरून मोटारसायकल घसरून एका माणसाच्या डोक्याला मार लागला. कुंभकोणमच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्याच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि ॲम्ब्युलन्सने तंजावरला धाडला. बाई त्या दिवशी तंजावरच्या वॉर्डात होत्या. माणसाचा चेहरा सुजून जांभळा झालेला. नळी हलू नये म्हणून मानेभोवती कापडी पट्टी बांधतात, ती मांसात रुतली होती. मान अशी आवळली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, आणि आधीच सुजलेला मेंदू आणखी सुजतो. बाईंनी पट्टी कापली. माणूस तिसऱ्या दिवशी गेला. पट्टीनेच गेला असं बाई कधी म्हणाल्या नाहीत, मार मोठा होता. पण कापलेली पट्टी त्यांनी गाठीसकट पर्समध्ये ठेवली आणि, सोबतच्या चिठ्ठीवर नर्सिंग होमचं नाव नव्हतं म्हणून, कुंभकोणमला येऊन दारोदार विचारत सुटल्या, ही गाठ कोणाची?

चौथ्या का पाचव्या ठिकाणी थिएटरचा टेक्निशियन पुढे आला. चाळिशीचा, सेल्वम नावाचा. “माझी, अम्मा,” तो अभिमानाने म्हणाला. “सुटली नाही ना? माझी कधीच सुटत नाही.” त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या विड्याच्या पानांचा धंदा. पानांच्या गड्ड्या केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सुकवलेल्या सालीने, बांधायच्या, लांबच्या बाजारात पोचेपर्यंत एक पान हलता कामा नये. तीच गाठ त्याने माणसाच्या मानेला बांधली होती, आणि वर्षानुवर्षं बांधत होता, आणि डॉक्टर त्याला शाबासकी देत होते.

दुसरं कोणी असतं तर सेल्वमला उभा फाडला असता. मी तर नक्कीच. बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “मज बांध. त्याला बांधलीस तशीच.” तो नको नको म्हणत होता. त्यांनी बांधायला लावली, भिंतीवरचा आरसा काढून आणवला, आणि सावकाश शंभर आकडे मोजले. कपाळावरच्या शिरा फुगल्या, डोळे लाल झाले. सेल्वमने स्वतःच कात्री आणली. मग त्याने विचारलं, तो माणूस कसा आहे? बाईंनी खरं ते सांगितलं. हे मला सेल्वमनेच सांगितलं.

“पानांच्या गड्डीला श्वास घ्यायचा नसतो,” बाई त्याला म्हणाल्या. “गाठ तुझीच ठेव, चांगली आहे. फक्त बांधताना आत माझी दोन बोटं असू देत.” तेव्हापासून कुंभकोणम ते आडुतुरै जिथे जिथे नळी घातलेला पेशंट दिसे, तिथे बाई जात आणि आधी काही न बोलता पट्टीखाली दोन बोटं सारून बघत. पेशंटचे नातेवाईक बुचकळ्यात पडत. मालक डॉक्टर चिडत. बाई त्यांच्याकडे बघतही नसत.

मग आदितवारचा वर्ग सुरू झाला. तिरुनागेश्वरम्‌ला एका छोट्या मंगल कार्यालयाची जेवणाची पंगत बसते ती खोली, लग्न नसेल त्या रविवारी. नर्सेस, आया, थिएटरमधले लोक, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. शिकवायच्या गोष्टी तीन: पट्टीखाली दोन बोटं, डोकं सरळ आणि उशाकडून उंच, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय ग्लुकोजची बाटली लावायची नाही, नातेवाईक कितीही मागे लागले तरी. कारण साखरेच्या त्या पाण्याने मेंदूची सूज वाढते. मी म्हटलं, बाई, आणखी दहा गोष्टी आहेत. “चौथी सांगितली की पहिली विसरतात,” त्या म्हणाल्या. पट्टी शिकवायचा तो सेल्वम. परीक्षा घ्यायचा तोही सेल्वमच. जो उत्तीर्ण होईल त्याचं नाव दोनशे पानी शाळेच्या वहीत, समोर दोन सह्या, आधी त्याची, मग बाईंची.

अडचण दुसरीकडेच होती. शिकून गेलेली आया डॉक्टरला म्हणाली, सार, पट्टी टाइट आहे, तर तिला ऐकून घ्यावं लागे, तू मला शिकवणार? एकीला त्यावरून कामावरून काढलं. म्हणून बाईंना संघटनेचा कागद हवा होता. स्वतःला नको, त्या आयेच्या कामाच्या ठिकाणी भिंतीवर लावायला. म्हणजे तिला बोट दाखवून म्हणता येईल की मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. आयुष्यात बाईंनी संघटनेकडे ही एकच गोष्ट मागितली. हाताने लिहिलेला दोन पानी अर्ज, आणि शेवटी ‘शिक्षक’ म्हणून दोन नावं.

आमची शिक्षण समिती म्हणजे काय चीज आहे, ते सांगते. व्हिडिओ कॉलवर चौकोनात बसलेली माणसं. आम्ही वेबिनार घेतो, फेलोशिपच्या परीक्षा घेतो, हॉटेलात कार्यशाळा भरवतो आणि अशा यंत्रांवर व्याख्यानं देतो जी कुंभकोणमला कोणी स्वप्नातही बघितलेली नाहीत. अर्ज आला तेव्हा सचिव म्हणाले, फारच छान उपक्रम. फक्त शिक्षक सभासद हवेत. हे दुसरे कोण? टेक्निशियन? नियमात बसत नाही. मग माझं नाव घेऊन म्हणाले, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, तुम्हीच मार्ग काढा.

मी मार्ग काढला. अर्जावरून टाइप केलेली ठरावाची फाईल माझ्यापुढे उघडी होतीच. सेल्वमचं नाव पुसलं. मनात म्हटलं, एका नावाने काय होतं, काम तर होतंय. दोन मिनिटांत ठराव मंजूर, सगळ्यांचे अंगठे वर. मी फार शहाणी आहे असं मला त्या संध्याकाळी वाटत होतं. बाईंना फोन केला. त्यांनी एकच पुसलं, “सेल्वमचं नाव आहे ना ग?” मी म्हणाले, “हो, म्हणजे आतल्या कागदांत आहे.” धडधडीत खोटं. ज्या बाईने मला खरं तेच सांगायला शिकवलं, तिच्याशी.

पहिल्या मान्यताप्राप्त वर्गाला संघटनेने एक निरीक्षक पाठवला, आणि छापील प्रमाणपत्रांचं खोकं. मीही गेले होते, मिरवायला. सेल्वम नवा पांढरा शर्ट घालून आलेला, खिशात नवं पेन. सह्या त्यालाही करायच्या होत्या, असं तो समजून होता. निरीक्षक भला माणूस, नियमाचा. त्याने सेल्वमला इंग्रजीत विनंती केली की आपण शिकणाऱ्यांच्या बाकावर बसा. सेल्वमला इंग्रजी बेताचं येतं, पण हे कळलं. तो बसायला निघाला. बाईंनी खोक्यातलं वरचं प्रमाणपत्र उचललं. सहीच्या दोन जागा होत्या, एक त्यांची आणि एक सचिवांची. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तूच केलंस,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, बाई, नाहीतर मंजूर झालं नसतं. “सेरी,” त्या म्हणाल्या. प्रमाणपत्र परत खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि हाक मारली. “सेल्वम, सोपटाची दोरी आहे? हे बांध. घट्ट बांध. ह्याला श्वास घ्यायचा नाही.” सेल्वमने बांधलं. गाठ पक्की पडली. निरीक्षकाने खोकं परत नेलं. ते समितीकडे आलं आणि समितीने माझ्याकडे सरकवलं, कारण प्रकरण माझं.

झालं काय, तर नर्सिंग होमच्या मालकांना आयतं निमित्त मिळालं. संघटनेनेच मान्यता काढली म्हणे, असं गावभर झालं. आम्ही काढली नव्हती, पण तसं कोणाला सांगायला समितीतलं कोणी जागचं हललं नाही. मीही नाही. आया-नर्सेसना मिळणारी रविवारची सुटी बंद झाली, आणि भरून वाहणारी खोली ओस पडत गेली. पुढच्याच वर्षी समितीने ‘पहिला तास’ नावाचा नवा अभ्यासक्रम काढला, डॉक्टरांसाठी, हॉटेलात. त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक चित्र होतं, मानेची पट्टी आणि तिच्याखाली दोन बोटं. कोणाची बोटं, ते कुठेही लिहिलेलं नाही. आणि आता पुरस्कार. थूः.

मी बाईंना शेवटचं बघितलं ते त्या खोलीतच. माफी मागायची म्हणून गेले. सहा माणसं होती. त्यातली एक ती कामावरून काढलेली आया, तिला दुसरीकडे काम लागलं होतं. बाई वाळलेल्या, बूट मात्र तेच पांढरे. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “आधी काम. मग बोलूं. सगळ्यांसारखी परीक्षा दे.”

सेल्वम बाकावर आडवा झाला, दातांत नळीचा तुकडा धरून. माझ्या हातात पट्टी. आयुष्यभर हेच करत आलेय मी, किती हजार वेळा ते देव जाणे. बांधली. बाई बघत होत्या, आया बघत होती. माझे हात भरभर चालले. मी मागे सरले आणि सवयीने बाईंकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतेस? परीक्षक तो आहे.”

सेल्वमने स्वतःच पट्टीखाली बोट घातलं. एक गेलं. दुसरं जाईना. त्याने तोंडातली नळी काढली आणि उठून बसला. मला वाटलं हसण्यावारी नेईल. “बरी आहे, मॅडम,” तो खाली बघत म्हणाला.

“सेल्वम,” बाई म्हणाल्या. “खरं सांग.”

त्याने मान वर केली. “टाइट आहे, मॅडम.”

बाईंनी वही मिटली. रागावल्या नव्हत्या. आडुतुरैच्या म्हातारीच्या वेळी बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, “पुढच्या आदितवारी परत ये. सराव कर. मग बोलूं.” आणि त्या आयेकडे वळल्या, जिची पाळी होती.

पुढच्या रविवारी समितीची बैठक होती. त्यापुढच्या रविवारी लग्नाचा मुहूर्त, खोली मोकळी नव्हती. त्यानंतर सेल्वमचा फोन आला. बाई दुपारच्या झोपेतून उठल्या नव्हत्या.

सचिवसाहेब, खोकं माझ्या ऑफिसात कपाटावर आहे. दोरी सुकली, गाठ तशीच आहे. पुरस्कार द्यायचाच असेल तर पहिला सेल्वमला द्या. नसेल जमत, तर बाईंचं नाव काढून टाका. नावं कशी काढायची ते तुम्हाला येतं, मलाही येतं. वर्ग अजून चालतो, सेल्वम घेतो. वही त्याच्याकडे आहे. तीत त्या आयेचं नाव आहे, ॲम्ब्युलन्सच्या तीन ड्रायव्हरांची आहेत. माझं नाही.